मुरुमांच्या औषधानें होणारी आग

सोलापुराहून पुण्यास शिक्षणासाठीं आलेल्या एका एकोणीस वर्षांच्या मुलीची हकीकत प्रथम सांगणें सोयीचें होईल. ही हकीकत कोणा एकीची नाहीं; तिच्यासारख्या अनेकींची मिळून ती झाली आहे, म्हणून या मुलीस नांव नाहीं. तिच्या कपाळावर व गालांवर दोन वर्षांपासून मुरूम होते. साखरपुड्याची तारीख सहा आठवड्यांवर येऊन ठेपली तेव्हां घरच्यांच्या आग्रहावरून ती एका त्वचारोगतज्ज्ञाकडे गेली. तेथें गर्दी फार होती. तपासणें, चिठ्ठी लिहिणें आणि पुढच्या रुग्णास हांक मारणें हें सर्व पांच मिनिटांत आटोपलें. चिठ्ठीवर मलमाचें नांव होतें आणि त्यापुढें ‘रात्रीं लावणें’ एवढेच दोन शब्द होते. किती लावावें, कोठें लावूं नये, लावल्यावर काय होईल, याविषयीं चिठ्ठी मुकी होती. थंडीच्या दिवसांत कोल्ड क्रीम चोळतात त्याप्रमाणें मुलीनें पहिल्या रात्रीपासूनच तें मलम साऱ्या चेहऱ्यास भरपूर चोळलें. पांचव्या दिवशीं सकाळीं ती उठली तों चेहरा ताणून बांधल्यासारखा वाटत होता. नाकाच्या दोन्ही बाजूंस व हनुवटीवर पांढरे पापुद्रे सुटले होते, गाल काळवंडून तांबूस झाले होते आणि साधें पाणी लागलें तरी चुरचुरत होतें. मुरूम मात्र होते तेथेंच होते. उलट दोनचार नवे दिसूं लागले होते.

अशा वेळीं रुग्णापुढें तीन वाटा असतात आणि तिन्ही वाईट. औषध बाधलें असें ठरवून मलमाची नळी फेकून द्यावी, ही एक. आग होत आहे त्या अर्थीं औषध लागू पडत आहे असें मानून दांतओंठ खाऊन तें अधिकच चोळावें, ही दुसरी. आणि शेजारच्या दुकानांतून, वैद्याच्या चिठ्ठीवांचून मिळणारें ‘चेहरा उजळणारें’ क्रीम आणून त्यावर लावावें, ही तिसरी. पहिलीनें उपचार बुडतो, दुसरीनें कातडी सोलते, तिसरीनें काय होतें तें पुढें यावयाचें आहे. या तिहींखेरीज एक चौथी वाट आहे. ती सावकाशीची व कंटाळवाणी असल्यामुळें फारशी कोणी घेत नाहीं: औषध कमी करावयाचें, पण सोडावयाचें नाहीं.

ही वाट कां बरोबर आहे हें समजण्यासाठीं मूळ व्याधीकडे पाहिलें पाहिजे. मुरूम कांहीं आजचे नव्हेत. सुश्रुतानें त्यांची गणना क्षुद्ररोगांत केली असून तरुणांच्या मुखावर उठणाऱ्या या पुटकुळ्यांना सांवरीच्या कांट्यांची उपमा दिली आहे. सांवरीचें कोंवळें खोड ज्यानें जवळून पाहिलें आहे त्यास ही उपमा किती नेमकी आहे हें वेगळें सांगावयास नको. तारुण्यांत शरीरांतील अंतःस्रावांच्या प्रभावानें त्वचेंतील तैलग्रंथि अधिक तेल स्रवूं लागतात. तें तेल ज्या केशकूपांतून बाहेर यावयाचें, त्याच्या तोंडाशीं मृत पेशी सुटून पडण्याऐवजीं एकमेकींस चिकटून राहतात आणि तेथें बूच बसतें. मागें तुंबलेल्या तेलावर जंतु पोसतात व दाह सुरू होतो. डोळ्यांस आज जो फोड दिसतो त्याचें बूच कित्येक आठवडे आधींच बसलेलें असतें. म्हणजे आज लावलेलें औषध मुख्यतः आजच्या फोडासाठीं नसतें. तें पुढच्या महिन्यांत उठणाऱ्या फोडासाठीं असतें. म्हणूनच एकेका फोडावर ठिपका ठेवून भागत नाहीं, मुरूम उठणाऱ्या सर्व भागास तें लावावें लागतें. आणि म्हणूनच त्याचा गुण दिसावयास आठ ते बारा आठवडे जातात. साखरपुड्याच्या तारखेचें गणित चुकतें तें येथेंच.

या मुलीला दिलेलें मलम अ जीवनसत्त्वाच्या कुळांतील होतें. ट्रेटिनॉइन व अडॅपलीन हीं त्या कुळांतील नित्याच्या वापरांतलीं औषधें. पेशींचें सुटून पडणें सुरळीत करावयाचें आणि बूच बसूंच द्यावयाचें नाहीं, हें त्यांचें मुख्य काम. परंतु केशकूपाचें तोंड तेवढें गांठून बाकीची त्वचा सोडून द्यावी, असा विवेक औषधास नसतो. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर हा घरावरच्या कौलांसारखा आहे. मृत पेशींचीं कौलें एकावर एक बसलेलीं असतात. आंतला ओलावा आंत राहतो आणि बाहेरची पीडा बाहेर राहते. औषध सुरू झालें कीं या कौलांची शाकारणी चालूं होते. शाकारणी अर्धी झालेली असतांना वळवाची सर आली तर घर गळावयाचेंच. त्या तीनचार आठवड्यांत त्वचेंतील ओलावा उडून जातो, साबण व घाम आंत झोंबतात आणि तोंडाची आग होते. पुढें कौलें पुन्हां नीट बसतात आणि तेंच औषध बहुतेकांस विनातक्रार सोसूं लागतें. एवढा मधला काळ निभावून नेणें हाच खरा प्रश्न असतो.

ट्रेटिनॉइनचा मुरुमांवरील उपयोग अमेरिकेंत फिलाडेल्फिया येथील डॉ. आल्बर्ट क्लिगमन व त्यांचे सहकारी यांनीं 1969 सालीं प्रसिद्ध केला. (याच गृहस्थांचें नांव होम्सबर्ग तुरुंगांतील कैद्यांवर केलेल्या प्रयोगांमुळें पुढें बदनामहि झालें, वैद्यकाच्या इतिहासांत यश आणि लांछन असें एकाच नांवाशीं अनेकदां बांधलेलें आढळतें.) त्या आरंभींच्या काळांत चेहरा लाल होऊन सोलणें हें औषध लागू पडत असल्याचें लक्षण समजत. ही समजूत पुढें टिकली नाहीं. 1996 सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेलें अडॅपलीन तुलनेनें पुष्कळच सौम्य आहे, आणि तरीहि मुरूम कमी करण्यांत तें सौम्य मात्रेच्या ट्रेटिनॉइनच्या मागें पडत नाहीं असें दिसून आलें. आग म्हणजे गुण नव्हे, हें त्यावरून सिद्ध झालें. पण जुनी समजूत वसतिगृहांच्या खोल्यांतून अजून नांदते आहे.

आपल्याकडील लोकांच्या दृष्टीनें या आगीस आणखी एक गंभीर बाजू आहे. गोऱ्या कातडीवर दाह झाला तर लाली येते आणि बहुधा निघून जाते. सांवळ्या कातडीवर दाह शमला तरी त्या जागीं रंगद्रव्य सांठून काळा डाग राहतो, आणि तो जाण्यास कित्येक महिने लागतात. ज्या डागांच्या भीतीनें मुलगी डॉक्टरांकडे गेली, तेच डाग औषधाच्या अतिरेकानें तिच्या गालांवर उमटूं शकतात. शिवाय परदेशांत छापलेल्या पत्रकांतून ‘लाली आल्यास’ अशी सूचना असते. सांवळ्या चेहऱ्यावर ही लाली कित्येकदां दिसतच नाहीं, नुसती काळसर छटा येते. अशा त्वचेनें डोळ्यांवर विसंबूं नये, स्पर्शावर विसंबावें. तोंड धुतल्यावर त्वचा ताणली जाणें आणि नाकाच्या कडेस चुरचुरणें ही पहिली सूचना समजावी.

आतां त्या चौथ्या वाटेचा तपशील. पुढच्या भेटींत डॉक्टरांनीं मुलीस जें सांगितलें, तें पहिल्याच भेटींत सांगितलें असतें तर तिचे हाल टळले असते. प्रथम चार रात्रीं मलम पूर्ण बंद ठेवावयाचें, आणि आग शमेपर्यंत चेहऱ्यास कोमट पाणी व सुगंध नसलेलें साधें मॉइश्चरायझर यांखेरीज कांहीं लावावयाचें नाहीं. ज्या जागीं पापुद्रे सुटले आहेत तेथें पेट्रोलियम जेलीचा अगदीं पातळ हात. मग मलम पुन्हां सुरू करावयाचें, पण आठवड्यांतून दोनच रात्रीं. पंधरा दिवस तें सोसलें तर एक दिवसाआड. तेंहि सोसलें तर रोज. चेहरा धुतल्यावर तो टिपून घ्यावयाचा आणि पंधरावीस मिनिटें पूर्ण कोरडा होऊं द्यावयाचा, कारण ओल्या त्वचेंत औषध अधिक शिरतें व अधिक झोंबतें. मात्रा सबंध चेहऱ्यास मिळून एका वाटाण्याएवढी. ती बोटावर घेऊन कपाळ, दोन गाल व हनुवटी येथें एकेक ठिपका ठेवावयाचा आणि हलक्या हातानें पसरावयाचा. पापण्या, ओंठांचे कोपरे आणि नाकपुड्यांच्या खांचा वगळावयाच्या. मलम तेथें आपोआप घरंगळून सांठतें, म्हणून त्या जागीं आधीं जेलीचें बोट फिरवून ठेवलें म्हणजे झालें. ज्यांची त्वचा फारच नाजूक आहे त्यांनीं आधीं मॉइश्चरायझर लावावें, त्यावर मलम, आणि त्यावर पुन्हां मॉइश्चरायझर. याहूनहि सोपा उपाय म्हणजे मलम लावून अर्ध्या तासानें धुऊन टाकणें. आरंभींचे दोन आठवडे असें केलें तरी चालतें.

वाटाण्याएवढें मलम ऐकून मुलगी साशंक झाली. एवढ्याशानें काय होणार? परंतु जास्त लावल्यानें गुण लवकर येत नाहीं, आग मात्र लवकर येते.

औषधाइतकाच त्रास औषधाबरोबर चालणाऱ्या घरगुती उपायांचा असतो, आणि या बाबतींत आपलीं घरें फार उदार आहेत. मुरूम दिसला कीं कोणी लिंबू चोळावयास सांगतें, कोणी टूथपेस्टचा ठिपका, कोणी तुरटी, कोणी हळद आणि बेसन. निरोगी कातडीवर यांतलें कांहीं खपूनहि जाईल. शाकारणी चालूं असलेल्या कातडीवर खपत नाहीं. बेसनाचे कण घांसले जातात, टूथपेस्ट जाळते, मुलतानी माती असेल नसेल तो ओलावा शोषून घेते. कागदी लिंबाचें प्रकरण याहून निराळें आहे. त्याचा रस तीव्र आम्ल तर आहेच, शिवाय त्यांत असे पदार्थ आहेत कीं जे ऊन लागतांच त्वचेला भाजतात व मागें काळे चट्टे ठेवतात. साध्या साबणाचाहि विचार केला पाहिजे. त्वचेचा पृष्ठभाग किंचित् आम्ल असतो आणि साबण बराच क्षारधर्मी. तेलकटपणा जावा म्हणून दिवसांतून पांचपांच वेळां साबण लावणारा मनुष्य आपलीं कौलें आपणच उचकटीत असतो. सौम्य क्लेन्झरनें दोनदां तोंड धुणें पुरे.

पुण्याच्या थंडीचा व स्कार्फचाहि यांत हात होता. डिसेंबरांतील कोरड्या हवेंत ओलावा झपाट्यानें उडतो. तेंच मलम रत्नागिरीच्या दमट हवेंत कदाचित् इतकें झोंबलें नसतें. स्कूटरवर बसण्यापूर्वीं नाकाडोळ्यांवरून स्कार्फ आवळून बांधण्याची जी पुण्याच्या मुलींची रीत, ती उन्हाच्या दृष्टीनें चांगली; पण चारचार दिवस न धुतलेला, खरखरीत कापडाचा, घामानें ओला स्कार्फ सोललेल्या गालांवर तासभर घांसत राहिला तर तो औषधाइतकाच छळतो. मऊ सुती कापड आणि रोजची धुलाई एवढ्यानें निम्मा त्रास गेला. ऊन टाळणें मात्र आवश्यकच. दिवसां सनस्क्रीन व मलम रात्रींच, असा दंडक आहे. ट्रेटिनॉइन तर प्रकाशांत नासतेंहि. आणखी एक गोष्ट डॉक्टरांनीं स्वतः होऊन विचारली म्हणून बरें झालें: साखरपुड्यापूर्वीं वरच्या ओंठास वॅक्सिंग व चेहऱ्यास ब्लीच करण्याचें ठरलें होतें. या औषधांनीं हळव्या झालेल्या जागेवरून मेणाची पट्टी ओढली तर केसांबरोबर कातडीहि निघते. ब्लीच रद्द झालें, वॅक्सिंगहि रद्द झालें.

बेंझॉइल पेरॉक्साइड हें मुरुमांवरील दुसरें प्रचलित औषध. तेंहि कोरडेपणा आणतें, पण त्याचा उपाय सोपा आहे: दहा टक्क्यांऐवजीं अडीच टक्क्यांचें घ्यावें. मुरूम कमी करण्यांत दोहोंत फारसा फरक नाहीं, आग करण्यांत आहे. तें कापडाचा रंग उडवितें, म्हणून उशीस पांढरा अभ्रा घालावा.

हा झाला नित्याचा दाह. त्याची ओळख अशी कीं, जेथें औषध लावलें तेथेंच तो होतो, त्यांत खाजेपेक्षां आग व कोरडेपणा अधिक असतो, आणि औषध थांबविलें कीं कांहीं दिवसांत शमतो. याहून वेगळें कांहीं दिसलें तर चौथी वाटहि सोडावी. अतिशय खाज, पापण्यांना सूज, पाणीदार फोड, लावलेल्या जागेच्या बाहेर पसरणारें पुरळ हीं ॲलर्जीचीं लक्षणें होत; तेथें मात्रा कमी करून उपयोग नाहीं, औषधच बदलावें लागतें. घसा आवळणें, श्वास लागणें, ओंठ किंवा जीभ सुजणें असें झाल्यास तत्काळ रुग्णालय गांठावें. अमेरिकेच्या औषध प्रशासनानें बेंझॉइल पेरॉक्साइड व सॅलिसिलिक ॲसिड असलेल्या मुरुमांवरील औषधांविषयीं 2014 सालीं अशीच सूचना दिली. हा प्रकार विरळा आहे. तरी नवें औषध पहिले तीन दिवस थोड्याशा जागेवर लावून पाहण्यांत शहाणपणा आहे.

आतां ती तिसरी वाट. मुलगी सुटींत घरीं आली तेव्हां तिच्या आत्यानें प्रेमानेंच एक क्रीम हातांत ठेवलें. आत्याच्या ओळखींत तें दोघींतिघींनीं वापरलें होतें आणि चेहरे कसे झाले होते म्हणतां! यांत खोटें कांहींच नव्हतें. असें क्रीम लावल्यावर आग दोन दिवसांत थांबते, लाली जाते, मुरूम बसल्यासारखे दिसतात आणि वर्ण उजळतो. कारण त्यांत बहुधा स्टेरॉइड असतें. कधीं त्याच्या जोडीस हायड्रोक्विनोन व ट्रेटिनॉइनहि असतें. स्टेरॉइड दाह दाबतें, बरा करीत नाहीं. कांहीं आठवड्यांनीं त्वचा पातळ होते, बारीक शिरा दिसूं लागतात, गालांवर केस वाढतात, नव्या जातीचे, एकसारखे मुरूम उठतात. भयानें क्रीम बंद करावें तर दोन दिवसांत चेहरा पेटल्यासारखा लाल होतो, आणि तो शांत करण्यासाठीं हात पुन्हां त्याच नळीकडे जातो. दारूचें व्यसन जसें जडतें तसें हें चेहऱ्यास जडतें. भारतांतील अनेक केंद्रांत केलेली एक पाहणी 2011 सालीं प्रसिद्ध झाली. तींत चेहऱ्याच्या विकारांसाठीं आलेल्या 2926 रुग्णांपैकीं 433 जण चेहऱ्यास स्टेरॉइड लावीत असल्याचें आढळलें. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनें पुष्कळ पाठपुरावा केल्यावर केंद्र सरकारनें 2018 सालीं अशा अनेक स्टेरॉइड मलमांस चिठ्ठीवांचून विक्रीची बंदी केली. बंदी कागदावर आहे. दुकानाच्या फळीवर हात घालून ‘हें घेऊन जा, ताई’ म्हणणारा विक्रेता अजून आहे, आणि त्याच्याकडे चिठ्ठी मागणारें गिऱ्हाईकच नाहीं. नळीवर बारीक अक्षरांत छापलेलीं नांवें वाचावीं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यांपैकीं एकहि दिसलें तर स्वतःच्या जबाबदारीवर तें चेहऱ्यास लावूं नये. जें वर्षानुवर्षें लावीत आहेत त्यांनीं तें एकदम न सोडतां तज्ज्ञांच्या देखरेखीखालीं सोडावें.

मुलीनें नळी वाचली आणि त्यांतलें एक नांव तिला सांपडलें. “आत्या, हें राहूं दे. डॉक्टरांना विचारतें मी आधीं.” आत्येला राग आला. साखरपुडा तोंडावर, पोरीचें तोंड असें, आणि घरचें माणूस सांगतें तें ऐकावयाचें नाहीं! दोन दिवस बोलणें जरा तुटकच राहिलें.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगितलीच पाहिजे, जी संकोचामुळें चिठ्ठीवर लिहिली जात नाहीं व रुग्णाकडून विचारलीहि जात नाहीं. मुरूम फारच तीव्र असले तर आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या देतात. त्यांनीं ओंठ फाटणें हें जवळजवळ ठरलेलें. त्यास जेली पुरते. परंतु गर्भावस्थेंत त्या घेतल्या गेल्या तर गर्भांत घोर व्यंगें उत्पन्न होतात. त्या घेत असतां आणि थांबविल्यावर निदान एक महिना गर्भधारणा होतां कामा नये. त्याच कुळांतील लावावयाचीं मलमेंहि गरोदरपणीं वर्ज्य समजतात. लग्न ठरलेल्या मुलीनें ही गोष्ट डॉक्टरांस आपण होऊन सांगावी, आणि आईनें ती सांगूं द्यावी.

साखरपुड्याच्या दिवशीं या मुलीचा चेहरा नितळ झाला नव्हता. नवे मुरूम कमी झाले होते, पापुद्रे अजिबात नव्हते, पण डाव्या गालावर जुने तीनचार डाग स्पष्ट दिसत होते. छायाचित्रकार उजवी बाजू घेऊं म्हणाला. मलम त्या वेळीं एक दिवसाआड चालूं होतें. चैत्रांत ती पुन्हां घरीं आली तेव्हां डाग फिके झाले होते, आणि आत्येनें तिच्या हनुवटीला धरून चेहरा उजेडाकडे वळविला व बराच वेळ न्याहाळला. मग आपल्या धाकट्या मुलीला हांक मारून ती म्हणाली, “इकडे ये ग, ही काय लावते तें विचार. आणि किती लावते तेंहि विचार.”